उसाला तुरा आला म्हणजे नेमकं काय झालं?

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं मला विचारलंय. घर करवीर तालुक्यातल्या खेड्यात, शिकायला कोल्हापुरात खोलीवर राहते. गॅदरिंगला तिला सुलोचना चव्हाणांची 'फड सांभाळ तुऱ्याला गं आला, तुझ्या उसाला लागंल कोल्हा' ही लावणी म्हणायची आहे. घरी आत्ती म्हणाली, असली गाणी चारचौघांत म्हणायची नसतात. वर्गात सांगितलं गेलं की लावणी म्हणजे शृंगार, ऊस हे नुसतं निमित्त. आणि तिचा आज्जा हेच गाणं ट्रॅक्टरवर लावून शेताला जातो. त्याचं म्हणणं, हे उसाचं गाणं आहे, ह्यात वंगाळ काय आहे? तिघांत बरोबर कोण, असं ती विचारते. आणि पुढं विचारते, आतला म्हणतात तो अर्थ खरंच गाण्यात असतो, की ऐकणाऱ्याच्या डोक्यात?

पोरी, मी तीस वर्षं महाविद्यालयात काव्यशास्त्र शिकवलं आणि तेवढीच वर्षं मुलींकडून गाणी बसवून घेतली. त्या भरवशावर सांगते, तुझा आज्जा सगळ्यात जवळ आहे. पुरता बरोबर नाही, पण सगळ्यात जवळ आहे. का, ते सांगायला जरा वेळ लागेल.

आधी माझीच एक चूक सांगते. कितीतरी वर्षं मी वर्गात ह्या गाण्याचं उदाहरण द्यायचे. फळ्यावर लिहायचे: फड म्हणजे देह, तुरा म्हणजे यौवनाचा बहर, कोल्हा म्हणजे लबाड पुरुष. पोरं वहीत उतरवून घ्यायची आणि पेपरात तसंच लिहायची. मी पूर्ण मार्क द्यायचे.

मग एका डिसेंबरात माहेरी शिरोळ तालुक्यात गेले होते. सकाळी दादाबरोबर मळ्याकडं निघाले. बांधावरून पाहिलं तर सगळ्या फडावर तुरे. चंदेरी, मऊ, वाऱ्यानं एकाच बाजूला झुकलेले, वर कोवळं ऊन. मी म्हणाले, 'दादा, किती देखणं दिसतंय रे!' दादा बोलला नाही. फडात शिरला, एक ऊस मोडला, गुडघ्यावर घेऊन शेंड्याकडं काडकन दोन तुकडे केले आणि माझ्यापुढं धरला. मधोमध पांढरं, कापसासारखं, कोरडं. 'दशी पडाय लागलीय,' म्हणाला. 'देखणं कसलं? अजून तोड आली न्हाई. आणि महिनाभर टोळी आली न्हाई तर निम्मं वजन वाऱ्यावर.'

त्या दिवशी मला कळलं की मी इतकी वर्षं पोरांना अर्धाच अर्थ शिकवत होते.

उसाला तुरा आला की त्याची वाढ थांबते. ऊस पक्व झाला ही खूण खरी, पण ती खूण दिसली की उलटी गणती सुरू होते. वेळेत तोड झाली तर ठीक. नाही झाली तर बाजूनं पांगशा फुटतात, आत दशी पडते, ऊस पोकळ होतो, वजन जातं, साखरेचा उतारा घटतो. शहरातला माणूस तुरा बघून फुलोरा म्हणतो. शेतकरी तुरा बघून कारखान्याच्या शेती ऑफिसला फोन लावतो.

आता ती ओळ पुन्हा म्हणून बघ. 'फड सांभाळ.' बहर आला म्हणून हे कौतुक चाललेलं नाही. बाई गं, पीक हाताशी आलंय, आता एकेक दिवस मोलाचा आहे, राखणीला बस, असा तो इशारा आहे. 'यौवनाचा बहर' म्हटलं की ही काळजी, ही घाई, सगळी गळून पडते. वाच्यार्थ, म्हणजे सरळ अर्थ, अर्धवट कळला होता, म्हणून माझा व्यंग्यार्थ, म्हणजे आतला अर्थही, अर्धाच निघाला. लावणीतला आतला अर्थ बाहेरच्या अर्थाच्या पाठीमागं दडून बसलेला नसतो. तो बाहेरच्या अर्थाच्या खांद्यावर उभा असतो. खालचा जितका भक्कम, तितकं वरच्याला लांबचं दिसतं. म्हणून म्हटलं, आज्जा जवळ आहे. खालचा अर्थ त्याच्याकडं सातबाऱ्यासकट आहे.

आता थोडं शास्त्र. तुझ्या अभ्यासक्रमात आहेच, पण तिथं ते संस्कृत उदाहरणांत अडकून पडतं. शब्दाच्या तीन शक्ती सांगतात. अभिधा सरळ अर्थ देते. सरळ अर्थ अडला की जवळचा दुसरा अर्थ देते ती लक्षणा. आणि दोन्ही अर्थ कळून झाल्यावर मागं जे घुमत राहतं, ते व्यंजनेचं काम. पुस्तकात लक्षणेला 'गंगेवर गवळीवाडा' असं उदाहरण असतं. आपण रोज म्हणतो, 'रंकाळ्यावर भेळ खाल्ली.' पाण्यावर बसून कुणी भेळ खात नाही, रंकाळ्याच्या काठावर खातात. अर्थ अडला, शेजारचा घेतला, झाली लक्षणा. 'नाद खुळा' ही तसलीच. नादही खुळा नसतो आणि म्हणणाऱ्यालाही ते म्हणायचं नसतं. वापरून वापरून तो शब्द 'झकास' ह्या अर्थी रूढ झाला.

लग्नात पाठवणीला बँडवाले वाजवतात ते पी. सावळाराम यांचं, लताबाईंनी गायलेलं 'गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का' घे. डोळ्यांत नद्या उभ्या राहत नाहीत, तिथं लक्षणा आहे, आसवं समजायची. पण लगेच पुढं 'जा मुली जा' येतं, आणि ह्या 'जा' मध्ये अडण्यासारखं काही नाही. साधी आज्ञा आहे, अर्थ सरळ लागतो. तरी तो शब्द ऐकून मांडवातली बाप्ये मंडळी तोंड फिरवून डोळे पुसतात. कारण 'जा' म्हणणाऱ्याला तो शब्द किती जड जातोय ते त्याच शब्दातून ऐकू येतं. एकच 'जा' पुरला असता, तो दोनदा का म्हणावा लागतो? पहिल्यांदा पाय निघत नाही म्हणून. ही व्यंजना. कुठल्याही शब्दकोशात 'जा' पुढं हा अर्थ सापडणार नाही.

शब्द एक सांगतो आणि अर्थ उलटा निघतो, हे आपल्या मातीत फार जुनं आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे मराठीच्या आजीच्या भाषेत. तिच्यातली एक गाथा आनंदवर्धन ह्या काव्यशास्त्रकारानं नवव्या शतकात काश्मीरात बसून ध्वनीचं, म्हणजे शब्दांमागं घुमणाऱ्या अर्थाचं, उदाहरण म्हणून घेतली. गोदावरीकाठच्या झाडीत एका बाईची आणि तिच्या सख्याची भेटायची जागा. तिथं एक धार्मिक गृहस्थ फुलं तोडायला यायला लागतो. तो कुत्र्याला भितो. ती बाई त्याला म्हणते, महाराज, आता खुशाल हिंडा, त्या कुत्र्याला आजच सिंहानं मारलं, तो सिंह गोदाकाठच्या झाडीतच राहतो. शब्द 'हिंडा' असे आहेत. अर्थ 'पुन्हा इकडं पाऊल टाकू नका' असा आहे. आणि तिला कुणी जाब विचारला तर ती म्हणेल, मी तर त्यांना हिंडा म्हटलं! आपल्याकडं नाही का, पाहुण्यानं उसने पैसे मागितले की आपण म्हणतो 'बघूया की'. त्या 'की' मध्ये नकार असतो, आणि मागणारा आणि देणारा दोघंही तो बरोबर ऐकतात.

आता तुझा खरा प्रश्न. अर्थ गाण्यात असतो की डोक्यात? ह्यावर अकराव्या शतकातल्या मम्मट ह्या काव्यशास्त्रकारानं एक यादी देऊन ठेवलीय आणि माझ्या मते अजून तिच्यापुढं कुणी गेलेलं नाही. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, स्वर कसा, वाक्य कसं, जवळ तिसरं कोण आहे, प्रसंग कुठला, जागा कुठली, वेळ कुठली. ह्या गोष्टी बदलल्या की तेच वाक्य दुसरं बोलतं. त्याचं उदाहरण 'सूर्य मावळला' एवढंच आहे. आपल्या गावात बसवून बघ. 'दिस मावळला गं' हे गोठ्यातल्या बाईनं म्हटलं तर धारेची वेळ झाली, डेअरी बंद व्हायच्या आत दूध पोचायला पाहिजे. रंकाळ्याच्या चौपाटीवर गाडीवाल्यानं म्हटलं तर आता गिऱ्हाईक येणार, कांदा चिरायला घे. तालमीत वस्तादानं म्हटलं तर पोरांनो, लंगोट कसा. आणि उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या आईनं म्हटलं तर पोरगी अजून घरी आली नाही. हे चारी अर्थ ऐकणाऱ्यानं मनचे जोडलेले नाहीत. ते वाक्यातच आहेत, पण वाक्य म्हणजे नुसते शब्द नव्हेत, ज्या उंबऱ्यात ते बोललं गेलं तो उंबराही त्यात आला.

ही यादी तुझ्या लावणीला लावू. बोलणारी कोण? 'गं' म्हणते, म्हणजे ऐकणारी बाई आहे. 'लागेल' न म्हणता 'लागंल' म्हणते, म्हणजे बोलणारी आपल्याकडची, रानातली. एक सखी दुसरीला, किंवा थोरली जाऊ धाकटीला सावध करते आहे. इथपर्यंत सरळ. पण जवळ तिसरं कोण आहे? लावणी बैठकीत आणि फडावर म्हटली जाते आणि समोर बसलेले असतात पुरुष. बोलणं सखीशी, पण ऐकावं त्यांनी. 'तुझ्या उसाला लागंल कोल्हा' ही ओळ सखीला इशारा आहे आणि पुढच्या रांगेत फेटा सावरून बसलेल्याला ती चक्क कोल्हा म्हणते आहे. लेकी बोले सुने लागे. ह्या गाण्याची सगळी गंमत ह्या तिरकस नेमात आहे, आणि मला वाटतं गाण्याची ताकदही. बाई स्वतःला मिरवत नाही. ती बघणाऱ्याला आरसा दाखवते. तुझ्या आत्तीला हे एकदा नीट सांगून बघ.

शब्दही कसे निवडलेत बघ. 'फड' आपल्याकडं उसाचा असतो, तमाशाचा असतो, आणि कुस्त्यांचाही असतो. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेच्या मैदानात 1912 पासून जे रंगत आले तेही फडच. म्हणजे 'फड सांभाळ' असं तमाशाच्या फडावर उभी राहून एक कलावंतीण म्हणते, तेव्हा ती स्वतःच्या पोटापाण्याच्या जागेबद्दलही बोलत असते. 'तुरा' उसाचा तसा फेट्याचा. शाहिरी परंपरेत तर कलगी आणि तुरा हे दोन पक्षच आहेत, कलगीवाले शक्तीला थोर मानणारे आणि तुरेवाले शिवाला, आणि त्यांचे सवाल-जबाब रात्रभर चालायचे. 'लागणे' बघ. उसाला कोल्हा लागतो, दाण्याला कीड लागते, पोराला नजर लागते, माणसाला नाद लागतो. जे लागतं ते हळूहळू, न कळत, आतून पोखरतं. 'उसात कोल्हा शिरंल' म्हटलं असतं तर हे काहीच आलं नसतं.

इथंच सावध राहायला सांगते. मी वर फडाचे तीन अर्थ सांगितले, पण तिन्ही ह्या गाण्यात सारख्या वजनानं नाहीत. उसाचा फड प्रत्येक ओळीत टिकतो. तमाशाचा फड जागेमुळं, म्हणजे ते कुठं म्हटलं जातं त्यामुळं, मागं घुमतो. कुस्तीचा फड मात्र भाषेत आहे, गाण्यात नाही. कोल्हा आणि ऊस आला की कुस्तीला तिथं जागाच उरत नाही. कलगी-तुऱ्याचंही तसंच, 'तुरा' शब्दाच्या पोटात ते आहे, पण पुढची ओळ त्याला हात देत नाही. मी स्वतः अर्थ तपासते तो असा. काढलेला अर्थ मनात धरायचा आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत चालत जायचं. वाटेत कुठल्याही ओळीचा सरळ अर्थ मोडावा लागला, ओढून ताणून वाकवावा लागला, तर तो अर्थ माझा आहे, गाण्याचा नाही. सरळ अर्थ शाबूत राहून शिवाय दुसरं ऐकू येत असेल, आणि एका शब्दाला नव्हे तर दोन-चार शब्दांना ते धरून असेल, तर ते गाण्यातलं. विद्यार्थ्यांचे पेपर तपासताना मला कल्पक पोरं फार भेटली. त्यांचं कौतुक वाटायचं, पण कोल्हा म्हणजे भ्रष्ट राजकारणी असं लिहिलं की मी समासात लिहायचे: मग तुरा म्हणजे काय?

ह्याच कसोटीवर आत्तीची तक्रारही तपासता येते, आणि ती अगदी बिनबुडाची नाही. चावट द्वयर्थी गाणी आहेतच, आणि डॉल्बीवर तीच जास्त वाजतात. पण त्यांच्यातला आणि ह्यातला फरक पट्टीनं आखून दाखवावा इतका स्पष्ट आहे. चावट गाण्याचा सरळ अर्थ घे आणि शेतकऱ्याला, गवंड्याला, ज्याचा धंदा गाण्यात घेतलाय त्याला वाचून दाखव. तो म्हणेल, असं कुणी बोलत नाही, असं कुणी करत नाही. तिथं सरळ अर्थ नुसता पडदा असतो, तोही फाटका. दुसऱ्या अर्थासाठी पहिला मारून टाकलेला असतो. तुझ्या गाण्याची ओळ आज्ज्याला वाचून दाखव. तो म्हणेल, खरं आहे, तुरा आला की राखण लागते, रात्री कोल्हं शिरतात आणि ऊस चावून नासधूस करतात. जे गाणं ट्रॅक्टरवर वाजूनही खरं ठरतं, त्यात उसाची थट्टा नाही आणि बाईचीही नाही.

सगळीच गाणी मात्र व्यंजनेची नसतात, हेही लक्षात ठेव. एकनाथांचं विंचवाचं भारूड घे. नाथ लगेच सांगून टाकतात की हा कामक्रोधाचा विंचू आहे, आणि उतारा सत्त्वगुणाचा. किल्ली कवीनंच हातात दिली, ते रूपक झालं. तिथं आणखी आतला अर्थ शोधत बसू नये. भारूड हसवत हसवत सरळ सांगतं, तेच त्याचं काम.

डॉल्बीचं नाव निघालंच आहे तर सांगते. गणपतीच्या मिरवणुकीत ह्या असल्या लावण्यांच्या पहिल्या दोन ओळी तेवढ्या घेतात, खाली ठेका भरतात आणि त्याच फिरवत राहतात. मला त्याचा त्रास होतो तो आवाजापुरता नाही. मम्मटाच्या यादीत 'काकू' म्हणून एक शब्द आहे. नात्यातली नव्हे, काकू म्हणजे आवाजातला हेल, स्वराला दिलेली मुरड. 'सांभाळ' हा शब्द दटावून म्हणता येतो, विनवून म्हणता येतो, हसून म्हणता येतो. ठेक्याखाली ही मुरड चिरडून जाते. बोलणारी, ऐकणारी, समोर बसलेला, सगळे जातात आणि उरते नुसती आरोळी. महाद्वार रोडवर नाचणाऱ्या पोराला हे गाणं चावट वाटलं तर दोष त्याचा नाही. त्याच्यापर्यंत गाणं पोचलेलंच नाही, गाण्याचा आवाज पोचलाय.

म्हणून तू म्हणशील तेव्हा काकू सांभाळ. सुलोचनाबाई लावणी गायच्या त्या अंगभर पदर घेऊन. सगळा शृंगार गळ्यात. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या गेल्या. त्यांचं हे गाणं कान देऊन पुन्हा ऐक. हावभाव दिसत नाहीत, तरी कुणाला उद्देशून चाललंय ते कळतं. डोळे मिचकावू नकोस, ओठ चावू नकोस. तू डोळा मिचकावलास की समोरच्याला शोधायला काही उरत नाही, आणि 'मी तर उसाचं बोलले' असं म्हणायची तुझी सोयही जाते. सखीला सांगतेस तशी सांग, काळजीनं. 'सांभाळ' वर किंचित थांब, घाई करू नकोस. 'गं' ओढू नकोस, तो हाक मारल्यासारखा सहज यायला हवा. कोल्ह्याच्या ओळीला मात्र मान वळव. इतका वेळ बाजूला बघत होतीस, आता समोर बघ. एवढंच पुरे आहे.

आणि गॅदरिंगच्या आधी एखादा रविवार गावाकडं जा. गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत असलं तर तुरे आलेलेच असतील. आज्ज्याला एक ऊस मोडून दाखवायला सांग, आतली दशी बोटानं दाबून बघ. जमलं तर आत्तीलाही बरोबर ने. तिनंही लग्नाआधी त्याच फडात पाणी पाजलं असेल, राखणीला बसली असेल. तिला विचार, रात्रीची एकटी राखणीला असताना तिला नेमकी भीती कशाची वाटायची. कोल्ह्याचीच काय?

उच्चाराचं एक राहिलं. प्रमाण भाषेच्या सवयीनं 'लागेल' म्हणशील, तसं करू नकोस. 'लागंल' म्हण, 'ग' वरचा अनुस्वार नाकात न नेता, तुझी आत्ती बोलते तसा.